तेलाला ऑफ सीझन नसतो

पेट्रोलचे भाव चढले की सांगलीहून नानाकाकांचा फोन येतो. विषय ठरलेला. "काय गं, तुम्ही तेलाच्या गावात राहता, तुमच्याकडे तरी स्वस्त असेल ना?" मी ह्यूस्टनला राहते म्हणजे माझ्या परसात तेलाची विहीर आहे, अशी त्यांची बऱ्यापैकी समजूत आहे. परवाही फोन आला. युद्ध, ओपेक, सटोडिये, सरकारी कर अशी नेहमीच्या आरोपींची यादी वाचून झाली. मीही हो ला हो केलं. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, ह्या यादीत एक नाव कधीच नसतं. गंज.

हसू नका. 2006 सालची गोष्ट सांगते.

अलास्काच्या उत्तर टोकाला प्रुडो बे नावाचं प्रचंड तेलक्षेत्र आहे. 1968 साली ते सापडलं, 1977 पासून तिथलं तेल 800 मैलांच्या पाइपलाइनमधून दक्षिणेला येऊ लागलं. 2 मार्च 2006 ला तिथल्या एका कामगाराला गाडीतून जाताना तेलाचा वास आला. जाऊन बघतात तो बर्फाखाली तेल पसरलेलं. 34 इंची नळाला बोटाच्या टोकाहून लहान भोक पडलं होतं, आणि त्यातून 2 लाख गॅलनच्या वर, म्हणजे सुमारे 8 लाख लिटर तेल कित्येक दिवस गुपचूप गळत होतं. त्या भागातली ती तोवरची सर्वात मोठी गळती.

ते क्षेत्र बीपी चालवत होती. मग बाकीचे नळ तपासायचे आदेश निघाले. तपासणी झाली तेव्हा कळलं की 3/8 इंच जाडीच्या पोलादाची काही ठिकाणी 70 टक्क्यांहून जास्त झीज झालेली आहे. 6 ऑगस्टला कंपनीने जाहीर केलं, क्षेत्र बंद करतोय. दिवसाला 4 लाख बॅरल, म्हणजे अमेरिकेच्या स्वतःच्या उत्पादनाच्या साधारण 8 टक्के! दुसऱ्याच दिवशी कच्चं तेल बॅरलमागे 2 डॉलरच्या वर चढून 77 डॉलरच्या घरात गेलं. पुढे अर्धंच क्षेत्र बंद ठेवून भागलं, पण तो आठवडा मला चांगला आठवतो. पंपावर गॅलनला 3 डॉलर मोजत होतो आणि ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "पिग".

पिग म्हणजे नळातून फिरवायचा साफसफाईचा ठोकळा. आत सरकताना डुकरासारखा ओरडतो म्हणून हे नाव, असं सांगतात. तेलाच्याच दाबाने तो पुढे ढकलला जातो आणि तळाचा गाळ खरवडत नेतो. त्याचा हुशार भाऊ म्हणजे स्मार्ट पिग. तो चालता चालता नळाची जाडी मोजतो. मोठ्या अलास्का पाइपलाइनमध्ये हा साफसफाईचा पिग दर पंधरवड्याला सोडत असत. पण तिला तेल पुरवणाऱ्या ह्या आतल्या नळांत? पश्चिमेकडच्या भागाची स्मार्ट पिगने शेवटची तपासणी 1998 ला झालेली, पूर्वेकडची तर त्याच्याही आधी, नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला.

यातली गंमत (गंमत कसली!) अशी की म्हातारपणी ह्या नळांना जास्त काळजीची गरज होती. ते बांधले तेव्हा तेल भरपूर होतं, प्रवाह जोरात होता. 1980 च्या दशकात दिवसाला 15 लाख बॅरल निघत होतं, 2006 मध्ये ते 4 लाखांवर आलं. नळ तेवढाच, तेल कमी, म्हणजे वेग मंद. वेग मंद झाला की पाणी आणि गाळ तळाशी बसतो, त्याखाली जिवाणू वाढतात आणि ते पोलाद खातात. गंज रोखायचं औषध टाकत होते, पण गाळाच्या थराखाली ते पोचणार कसं?

इथे मला अण्णांची, माझ्या वडिलांची आठवण येते. ते आमच्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम संपला की लोकांना वाटायचं आता ह्यांना सुट्टी. पण अण्णांचं खरं काम तेव्हाच सुरू व्हायचं. ऑफ सीझन! मिल उघडायची, पंप खोलायचे, इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतली खपली घासून काढायची. उन्हाळ्यात अण्णा काळेकुट्ट होऊन घरी यायचे. हंगामात कारखाना बंद पडला नाही की पेढे चेअरमन वाटायचे. अण्णा म्हणायचे, "काही झालं नाही, हेच आमचं काम. ते दिसणार कसं?"

ऊस संपतो म्हणून कारखान्याला थांबावंच लागतं. तेलाला तसा ऑफ सीझन नसतो. तो माणसाने ठरवून घ्यावा लागतो आणि तिथेच सगळं अडतं. 1998 मध्ये कच्चं तेल 10-12 डॉलरपर्यंत घसरलं होतं, तेव्हा देखभाल परवडत नव्हती. 2006 मध्ये ते 70 च्या वर होतं, तेव्हा नळ बंद ठेवणं परवडत नव्हतं. स्वस्ताईत पैसा नाही, महागाईत वेळ नाही. मग देखभाल करायची कधी?

हे मी काठावर बसून लिहीत नाहीये. मीही देखभालीचं नियोजन करणारी इंजिनियर. 2008 च्या उन्हाळ्यात, तेल 147 डॉलरला टेकलं त्या दिवसांत, आमच्या प्लँटमधल्या गरम पाण्याच्या एका लाइनची तपासणी पुढच्या शटडाउनला ढकलायचा कागद माझ्यापुढे आला. माल धडाधड खपत होता, दोन दिवस थांबणं कोणालाच नको होतं. मी सही केली. चार महिन्यांनी रात्रपाळीला ती लाइन फुटली आणि एका तरुण ऑपरेटरचा हात कोपरापर्यंत भाजला. तो बरा झाला, कामावरही आला. अहवालात कारण लिहिलं होतं, "गंज". माझ्या सहीचा उल्लेख त्यात नव्हता. अण्णांना हे मी कधी सांगू शकले नाही.

म्हणून कोणी "गंजामुळे झालं" म्हटलं की मला राहवत नाही. गंज तर लागणारच, तो त्याचा धर्म आहे. त्याच्याकडे बघायचं नाही हे माणूस ठरवतो.

आणि ते ठरवणं स्वस्त पडतं, हे माझं खरं म्हणणं आहे. 2007 मध्ये बीपीच्या अलास्कातल्या कंपनीने गुन्हा कबूल केला, दंड आणि भरपाई मिळून 2 कोटी डॉलर भरले. 2011 मध्ये दिवाणी दाव्यात आणखी अडीच कोटी. आता हिशोब करा. 4 लाख बॅरल गुणिले 75 डॉलर म्हणजे दिवसाला 3 कोटी. सगळं तेल एकट्या बीपीचं नव्हतं आणि खर्च वजा जातो हे मान्य, तरी दोन्ही रकमा मिळून त्या क्षेत्राच्या दीड दिवसाच्या तेलाएवढ्या! कमी दाबाचे म्हणून हे नळ केंद्रीय नियमांतून सुटले होते, ती पळवाट बुजवायचा कायदा 2006 च्या डिसेंबरात झाला. तो आधी का नाही?

एका नळामुळे पेट्रोल महाग झालं असं मी म्हणत नाही. त्या वर्षी लेबनॉनचं युद्ध होतं, मागणी वाढत होती, आणि हिवाळ्याआधी भाव उतरलेही. पण पुरवठा काठोकाठ ताणलेला असताना न केलेली देखभाल भाव चढवते आणि ते बिल पंपावर आपण भरतो. तेव्हा दंड असा हवा की तपासणी टाळण्यापेक्षा ती करणं स्वस्त पडेल, आणि तपासणी पुढे ढकलणाऱ्या कागदावरची सही अहवालातही दिसली पाहिजे. माझीसुद्धा.

असो. हे नानाकाका वाचणार, आणि त्यांचा फोन येणार हे नक्की. काका, फोन करा, पण आधी एक सांगा. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली होती?