उभं राहिलं की चक्कर : प्रत्येक वेळी अशक्तपणाच असतो का?



आमच्या वर्गातली दहावीची एक मुलगी. प्रार्थनेच्या रांगेत पाच-सात मिनिटं उभी राहिली की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा, छाती धडधडायची आणि ती मटकन खाली बसायची. कुणी म्हणालं नाटक करते, कुणी म्हणालं नजर लागली. दादीने नजर उतरवली. आम्हीही ‘सकाळी नाश्ता करून येत जा’ एवढं सांगून मोकळे झालो होतो. या सगळ्यात तिचं एक वर्ष गेलं.

शेवटी एका डॉक्टरांनी तिला आडवं झोपवून नाडी मोजली : ७८. मग दहा मिनिटं उभं केलं : १२६. रक्तदाब मात्र पडला नव्हता. या आजाराला थोडक्यात ‘पॉट्स’ म्हणतात. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे व पोटाकडे उतरतं. शरीर ते नीट सावरू शकलं नाही की हृदय धावू लागतं. दहा मिनिटांच्या आत नाडी ३० ने (१२ ते १९ वयात ४० ने) वाढली, रक्तदाब पडला नाही आणि त्रास तीन महिने टिकला, तर पॉट्सचा विचार होतो. तरुण मुली व स्त्रियांत तो जास्त दिसतो.

पण तशीच लक्षणं इतर आजारांतही असतात, म्हणून आधी ते तपासावे लागतात.

रक्त कमी असणं : पाळीत जास्त रक्त जातं, जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन तपासावं.

थायरॉइड वाढणं : झोपलेलं असतानाही धडधड, हात थरथरणं, खाऊनही वजन उतरणं. रक्ततपासणीत कळतं.

रक्तदाब पडणं : उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरतो. जुलाब, मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या ही नेहमीची कारणं.

घबराट : ती बसल्या जागीही येते. पॉट्सचा त्रास आडवं झाल्यावर बहुधा ओसरतो.

धावताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर ईसीजीला उशीर करू नये.

पॉट्समध्ये भरपूर पाणी, सावकाश उठणं, पायांचे व्यायाम आणि घट्ट लांब मोजे यांनी आराम पडतो. मीठ वाढवायचं ते डॉक्टरांना विचारूनच. रमजानआधीही त्यांचा सल्ला घ्यावा. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे आणि उभं राहवत नसेल तर बसून नमाज अदा करता येते. ही सवलत अल्लाहने दिली आहे, ती घेताना लाजू नये.

ती मुलगी आता प्रार्थनेला बाकावर बसते. तिला कुणी नाटकी म्हणत नाही. आपल्या घरातली मुलगी उभ्या उभ्या कोसळत असेल तर दुआ जरूर करा, पण तिची नाडीही मोजून घ्या : एकदा झोपलेली असताना, एकदा उभी असताना.