सनस्क्रीन सोडा, कोळशाचं बोला!

प्रवाळ वाचवायला हवाईने २०१८ साली ऑक्सिबेन्झोनवाल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला. छान. पण खरा गुन्हेगार मोकळाच की!

प्रवाळाला बहुतेक अन्न पुरवतं ते त्याच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, की प्रवाळ ते बाहेर टाकतो, पांढराफटक पडतो. लांबलं तर उपाशी मरतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर हे मोठ्या प्रमाणावर १९९८ आणि २००२ मध्ये झालं, आणि नंतर २०१६ ते २०२४ मध्ये तब्बल पाच वेळा! सावरायला वेळ कुठाय?

आणि त्याच रीफमधून कोळशाची जहाजं जातात. काही तर आपल्याकडेच येतात. मग पर्यटकाच्या अंगाचं क्रीम पुसून काय डोंबल होणार?