मणिबेलीचा कागद आणि कलेक्टरची सही

शेतकरी बंधूंनो, निवडणूक लागली की आपल्या जिल्ह्यातलं एक गाव हमखास पेपरात येतं. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. अक्कलकुवा हा राज्यातला १ नंबरचा विधानसभा मतदारसंघ आणि त्यात मणिबेली १ नंबरचं मतदान केंद्र. मतदान यंत्रं, पोलीस, शिक्षक, सगळा फौजफाटा सरदार सरोवराच्या पाण्यावरून बोटीने तिथे नेला जातो. हे सारं जिल्हाधिकारी घडवतात, कारण त्या काळात तेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. म्हणजे मनात आणलं तर सरकार मणिबेलीपर्यंत वेळेवर पोचतं, हे सिद्ध आहे. मग एरवी काय होतं?

कलेक्टर म्हणजे लाल दिव्याची गाडी, एवढंच चित्र बऱ्याच जणांच्या डोळ्यापुढे असतं. तो दिवा २०१७ सालीच उतरला. काम मात्र वाढतच गेलं. महसुलाचे ते प्रमुख, जिल्हादंडाधिकारी तेच, जिल्हा नियोजन समितीचे सचिव तेच, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षही तेच. वनहक्काचा दावा शेवटी त्यांच्याच समितीपुढे येतो. गारपीट झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. (पदांची नावं अलीकडे बदलली, पण गावात अजून तलाठी तो तलाठीच.) तो पंचनामा तहसीलमार्गे कलेक्टरकडे, तिथून नाशिकला विभागीय आयुक्तांकडे आणि मग मंत्रालयात जातो. आम्ही कृषी खात्यातली माणसं वरच्यांना बहुतेक त्या पंचनाम्यापुरतीच आठवतो, हे जाता जाता सांगतो.

पण या मोठ्या साहेबांची खरी कसोटी बघायची तर मणिबेलीचाच इतिहास बघावा लागतो. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं आली. अक्कलकुव्यातली ९ आणि अक्राणीतली २४. त्यात पहिल्यांदा पाणी आलं मणिबेलीला. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. नर्मदा लवादाने १९७९ च्या निवाड्यात स्पष्ट लिहिलं होतं की जमिनीला जमीन द्यायची, पात्र कुटुंबाला किमान २ हेक्टर ओलिताची जमीन द्यायची, आणि तीही बुडिताच्या किमान एक वर्ष आधी. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा.

वाचायला हे सोपं आहे. अंमल करायला बसलं की पहिलाच प्रश्न, पात्र कोण? डोंगरातली जमीन आजोबाच्या नावावर, नाहीतर कुणाच्याच नावावर नाही. कित्येकांची वहिवाट वनखात्याच्या हद्दीत. सातबारा नाही म्हणजे शेतकरी नाही, असं कागद म्हणतो. पिढ्यान् पिढ्या ज्वारी, मका पिकवणारा माणूस एका ओळीने अतिक्रमणदार ठरतो. 'घोषित' आणि 'अघोषित' हे दोन शब्द नर्मदाकाठी लहान पोरालाही कळतात ते यामुळेच. कलेक्टरची ताकद गाडीत नाही, या यादीत आहे. यादीत नाव आलं तर घरटी पाच एकर, नाही आलं तर पाणी चढेल तसं वर सरकत राहायचं.

मणिबेलीची काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली. काही तळोदा तालुक्यातल्या वसाहतींत आलेल्या गावांसारखी इकडे खाली न येता डोंगरावरच राहिली. १९९१ च्या पावसाळ्यापासून तिथे सत्याग्रह झाला, पोलीस आले, घरं हलवली गेली. जागतिक बँकेनेही १९९३ मध्ये धरणाच्या कर्जातून अंग काढून घेतलं. एवढ्याशा गावाचं नाव पुढच्या वर्षी जगातल्या शेकडो संघटनांनी काढलेल्या 'मणिबेली जाहीरनाम्या'वर लागलं.

आता अधिकाऱ्याच्या बाजूने बघा. १८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने भिंत ९० मीटरपर्यंत नेऊ दिली, आणि पुढची उंची पुनर्वसनाच्या बरोबरीनेच वाढवायची असं ठरवून दिलं. म्हणजे 'पुनर्वसन झालं' असा अहवाल वर गेला की भिंत वर जाणार. ९५, १००, ११०.६४, १२१.९२ अशी ती चढत गेली आणि अखेर १३८.६८ वर थांबली. वरून तारखेचा तगादा, खाली डोंगरावर अजून चूल पेटलेली. अशा वेळी 'काही कुटुंबं बाकी आहेत' एवढं साधं वाक्य लिहायलाही छाती लागते. राज्य सरकारने २००१ मध्ये न्या. दाऊद समिती नेमली, तिच्या पाहणीतही बाकी कुटुंबं निघालीच. यादी चुकीची होती, आणि ती वर्षानुवर्षं सह्या होत पुढे सरकली होती.

सह्या करणारे बदलत राहतात, हेही त्याचं एक कारण. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात पदावर साधारण तीन वर्षं धरली आहेत. निवाडा १९७९ चा, धरण पूर्ण भरलं २०१९ ला. प्रत्येक साहेब पुरी तीन वर्षं बसला असं धरलं तरी चाळीस वर्षांत तेरा कलेक्टर झाले असते. नवे साहेब येतात, फाइल समजायला सहा महिने जातात, डोंगर चढून वस्तीवर जायला एक पावसाळा थांबावं लागतं, आणि तोवर बदलीची कुजबुज सुरू होते.

माणूस पुरेसा टिकला आणि पुढचं बघणारा असला तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. डॉ. राजेंद्र भारूड, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, स्वतः भिल्ल समाजातले आणि डॉक्टर. कोरोनाची पहिली लाट ओसरत होती तेव्हा त्यांनी जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनचा प्रकल्प उभा करून घेतला. २०२१ च्या एप्रिलात मोठमोठी शहरं सिलिंडरला धावत होती, तेव्हा नंदुरबारचं नाव देशभर चांगल्या कारणाने निघालं. नियोजनाचा, आपत्तीचा निधी सगळ्याच जिल्ह्यांकडे होता. तो कशावर आणि कधी घालायचा, हा निर्णय खुर्चीवरच्या माणसाचा.

दुसरं नाव ब्रह्मदेव शर्मांचं. एकेकाळी बस्तरचे कलेक्टर, पुढे १९८६ ते १९९१ अनुसूचित जाती-जमाती आयुक्त. सरकारचाच माणूस, पण आदिवासींच्या जमिनीबद्दल सरकारलाच खडसावणारा अहवाल त्यांनी दिला. संविधानाचं ३११ वं कलम नोकरीला संरक्षण देतं. माझ्या मते ते अशा लिहिण्यासाठीच आहे, सुखाने निवृत्त होण्यासाठी नाही.

गावपातळीवरच्या मित्रांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. ३१ ऑक्टोबर २०१३ ला सुब्रमण्यम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी हुकमावर काम करू नये, तोंडी आदेश मिळाला तर त्याची लेखी नोंद व्हावी. मोठ्यांना जे सांगितलं ते तलाठ्याने का पाळू नये? 'वरून फोन होता' हे चौकशीत चालत नाही. कलेक्टरची सही शेवटी तुमच्या शेऱ्यावर उभी असते. तुम्ही वस्तीवर न जाता 'निरंक' लिहिलंत, तर वर ते निरंकच राहणार.

आणि शेतकरी बंधूंनो, वनहक्काचा दावा अडला असेल तर हे नीट वाचा. ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती, असा क्रम आहे. खालच्या निर्णयावर ६० दिवसांत वर दाद मागता येते. दावा फेटाळला तर कारण लेखी मिळायलाच हवं. सातबारा नसला तरी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, मात्र तो जबाब दावेदाराचा स्वतःचा नको. कसणूक १३ डिसेंबर २००५ च्या आधीची हवी. बाकी गाऱ्हाण्यांसाठी तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. जिल्ह्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. साहेब बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही.