धूर इंधनाचा की इंजिनाचा?

दिल्लीच्या आझादपूर मंडईत भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपचा विचार करा. तिच्यामागून काळा धूर निघू लागला की दोष सहजच डिझेलला दिला जातो. वाचकहो, हा दोष कितपत खरा आहे?

इंधनाचा वाटा मोठा आहे, यात संशय नाही. डिझेलमधील गंधक जळून विषारी वायू होतो व त्यापासून सूक्ष्म कणही बनतात. १ एप्रिल २०१८ पासून दिल्लीत भारत स्टेज सहा दर्जाचे डिझेल मिळू लागले आणि गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. याचा लाभ जुन्या गाडीलाही होतो. उलट, स्वस्ताईच्या मोहाने रॉकेल मिसळलेले डिझेल भरल्यास पंपाला व नोझलला पुरेसे वंगण मिळत नाही. ते झिजतात आणि वाचलेले पैसे दुरुस्तीत दामदुपटीने जातात.

परंतु काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. एअर फिल्टर धुळीने कोंदला असेल किंवा नोझल गळत असेल, तर उत्तम डिझेलही काजळीच ओकणार. धूर निळसर असेल, तर रिंगा झिजून इंजिनातील ऑइल जळत आहे असे समजावे. त्यावरचे औषध पेट्रोल पंपावर मिळत नाही.

मग सीएनजीचे काय? २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्यांना हा मार्ग घालून दिला. सीएनजीने काजळी बहुतांशी नाहीशी होते. मात्र डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. त्यामुळे ते गॅसवर चालविणे म्हणजे केवळ टाकी बदलणे नव्हे. झिजलेल्या इंजिनावर एवढा खर्च करणे क्वचितच शहाणपणाचे ठरते.

शिवाय वयाचा प्रश्न आहेच. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला. २०२५ मध्ये या धोरणाचा त्याच न्यायालयात पुन्हा विचार झाला. म्हणून खर्चापूर्वी परिवहन कार्यालयात सद्यःस्थितीची चौकशी करावी.

ज्या घराची चूल अशा गाडीच्या फेऱ्यांवर पेटते, त्या घराने आधी मिस्त्रीकडून फिल्टर, नोझल व रिंगा तपासून घ्याव्यात आणि मगच इंधन बदलण्याचा विचार करावा. या धुरात दिवसभर वावरणारे चालक व हमाल आपलेच असतात, याचाही विसर पडू नये.