आधी मडकं बघा

कोल्हापुरात सध्या इतिहासावर रील करणारे इतके झालेत, की ब्रह्मपुरीच्या टेकडीत तेवढी खापरंही निघाली नसतील. फॉर्म्युला ठरलेला. शिक्क्याचा क्लोज-अप, अक्षरांभोवती लाल वर्तुळ, मागे ढोल, आणि 'हे वाचलं की इतिहास बदलेल'. त्यात जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपी वाचणाऱ्याला दहा लाख डॉलर जाहीर केले, आणि आम्हा कोडवाल्यांपैकी निम्मे रातोरात लिपितज्ज्ञ झाले.

माझं भांडण त्या क्लोज-अपशी आहे. भांडायचा हक्क आहे, कारण मीही याच कळपातला.

मी निवडले होते यहूदा राज्याचे रांजण, म्हणजे आजच्या इस्रायलकडचे, इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या शेवटचे. त्यांच्या कानांवर शिक्के आहेत. वर चार पंखांचा भुंगा किंवा दोन पंखांची तबकडी. सोबत चार अक्षरं, ल-म-ल-क, म्हणजे 'राजाचे' किंवा 'राजासाठी'. शिवाय बहुतेकांवर चारांपैकी एक नाव: हेब्रोन, झीफ, सोखो, ममश्त. यातलं ममश्त कुठे होतं, ते अजून कुणालाच सापडलेलं नाही. असे दोन हजारांहून जास्त कान मिळालेत. मी नेटवरून फोटो उतरवले, मॉडेल शिकवलं, आणि ते दोन पंख-चार पंख झटक्यात वेगळे करू लागलं. लगेच लिंक्डइनवर पोस्ट. दोनशे लाइक. मला वाटलं, आपण पुरातत्त्व केलं.

गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत मूर्ती ठरवायला गेलो होतो. ओळखीच्या मामांना मोठ्या कौतुकाने फोटो दाखवला. त्यांनी पंख बघितलेच नाहीत. बोटाने झूम करून शिक्क्याच्या कडेला दबलेली माती बघितली.

"आरं, हे भाजायच्या आधी मारलंय की. तवा रांजण रिकामाच आसणार."

बस. शिक्का ओल्या मातीवर, म्हणजे आव्यात जायच्या आधीचा. त्या वेळी आत तेल नाही, दारू नाही, धान्य नाही. मी पोस्टमध्ये 'राजाच्या तळघरातली वाइन' असं ठोकून दिलं होतं. शिक्का बोलत होता रांजण घडवण्याबद्दल, मी वाचत होतो आतल्या मालाबद्दल. चारशे फोटो तपासताना हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मग नीट वाचायला बसलो, तर लाज आणखी वाढली. ही अक्षरं चार्ल्स वॉरनच्या जेरुसलेममधल्या उत्खननानंतर, १८७० च्या सुमारासच वाचून झाली होती. वाचायला वेळ लागलाच नाही. काळ ठरायला मात्र शंभर वर्षं गेली. विद्वानांनी पंख आणि अक्षरांची वळणं बघून शिक्क्यांचे गट पाडले, आणि गटांना वेगवेगळ्या राजांचे काळ वाटून दिले. म्हणजे माझं मॉडेल जे करत होतं तेच, फक्त लॅपटॉपशिवाय. १९७३ पासून डेव्हिड उसिश्किन यांनी लाखीश खणलं. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये असिरियाच्या सेनाखेरिबने जाळलेल्या थरात दोन पंखवाले आणि चार पंखवाले रांजण एकत्रच मिळाले. गट संपले. जुळवलेले रांजण मापले, तर प्रत्येकात साधारण ४५ लिटर, पण नेमकं माप एकाचं दुसऱ्याशी जुळेना. 'शिक्का म्हणजे सरकारी मापाची हमी' हेही गेलं. १९८४ मध्ये मातीतल्या मूलद्रव्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. नावं चार, पण माती एकाच भागातली.

यातली एकही गोष्ट क्लोज-अपमध्ये दिसत नाही.

'पण लिपी वाचणं महत्त्वाचं नाही का?' आहे ना. ती वाचता आली नसती तर नावं चार आहेत हेच कळलं नसतं. पण अक्षरांपाशी थांबणारा माणूस पाकिटावरचा पत्ता वाचून पत्र वाचल्याचं सांगतोय.

हे लांबचं वाटत असेल तर घरचं घ्या. महाराष्ट्रासह पश्चिम भारतात बरीच खापरं 'रोमन अँफोरा' म्हणून नोंदली गेली होती. रॉबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा हातात घेतली. त्यातली कित्येक मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो रांजणांची निघाली. या रांजणांना कान नसतात आणि आतून डांबराचा काळा लेप असतो. रोमची वाइन म्हणून आपण जी मिरवत होतो, तिच्यातला मोठा वाटा पर्शियाच्या आखाताकडून आलेल्या रांजणांचा होता. हे कळलं, कारण ती भिकार दिसणारी खापरं कुणीतरी जपून ठेवली होती.

आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीचा पोसायडन आहे. त्याच्यासोबत सेल्फी सगळे काढतात, 'ग्रीक कोल्हापुरात राहत होते' हा फॉरवर्डही फिरतो. त्याच साठ्यात त्याच्या शेजारी इथल्याच कारागिरांच्या कांस्यवस्तू होत्या, ते कुणी विचारत नाही. सांकलिया आणि दीक्षितांनी १९४५-४६ मध्ये तिथे थर मोजत खणलं, तो अहवाल पुस्तकरूपात आहे. त्यावर रील करा की! लाल वर्तुळ थरावर काढा.

गेल्या पावसाळ्यानंतर एका मित्रासोबत पंचगंगेकाठी गेलो होतो. मातीतून एका खापराची कड वर आली होती. मी म्हटलं, राहू दे, आधी जागेसकट फोटो काढू. त्याने तोवर ते उपसून, पाण्यात खळखळून धुतलं होतं, आणि उजेडात उलटसुलट करून विचारत होता,

"ह्याच्यावर काय लिवलंय का बघ."