झेंडा कोणाच्या हस्ते?

मरोळकरांनो, पोस्ट लांब आहे आणि चिडून लिहिलेली आहे, आधीच सांगतो.

१५ ऑगस्टचा झेंडा कोणाच्या हस्ते फडकवायचा, यावर परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. मी आमच्या विंगमधल्या माजी सैनिक काकांचं नाव सुचवलं. लगेच मागून आवाज आला, "ते कुठे लढले? कारगिलच्या वेळी खडकीत पोरांना परेड शिकवत होते." चार जण हसले. काका शेवटच्या रांगेत होते. काही बोलले नाहीत. उठले, आपली खुर्ची घडी घालून भिंतीला लावली आणि गेले. मग नाव पक्कं झालं ते नगरसेवक व्हायला निघालेल्या एका भाऊंचं. मंडप आणि वडापावचा खर्च तेच करणार आहेत ना!

काका बॉम्बे सॅपर्सचे हवालदार. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात खडकीच्या सेंटरमध्ये नव्या रिक्रूटना जमिनीतला सुरुंग कसा शोधायचा, कसा निकामी करायचा हे शिकवत होते. पुढे जायची विनंती त्यांनी केली होती. साहेब म्हणाले, तू गेलास तर यांना शिकवणार कोण?

हसणाऱ्यांसाठी याच खडकीतल्या एका रिक्रूटची गोष्ट सांगतो. नाव रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचा, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. जन्म १९१८ चा, वडील पोलिसात शिपाई. दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना जुलै १९४० मध्ये पोरगा बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाला. ट्रेनिंगमध्ये सगळ्यात चांगला रिक्रूट ठरला, कमांडंटची मानाची छडी मिळवली. तिथून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर.

मग एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे आपलं सैन्य निघालं होतं. शत्रूने रस्ता सुरुंगांनी भरलेला, पाईनची झाडं तोडून आडवी टाकलेली, वरून मशीनगन आणि मॉर्टर. ८ तारखेलाच राण्यांच्या तुकडीतले दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या जखमींत राणे स्वतः होते, मांडीला लागलेलं. तरी हा माणूस ११ तारखेपर्यंत सुरुंग काढत, रस्ता करत राहिला. एका टप्प्यावर तर रणगाड्याच्या खालून सरपटत, ड्रायव्हरला दोरीने इशारे देत पुढे गेला. रस्ता झाला म्हणून रणगाडे गेले. १२ एप्रिलला राजौरी आपल्या हातात आली. राण्यांना परमवीर चक्र मिळालं, तेही जिवंतपणी. १९९४ मध्ये पुण्यात गेले. त्यांच्या नावाचं तेलवाहू जहाज होतं, कारवारच्या किनाऱ्यावर पुतळा आहे, २०२३ पासून अंदमानात एका बेटालाही त्यांचं नाव आहे.

आता मला सांगा, सुरुंगाला हात कसा लावायचा हे राण्यांना पहिल्यांदा कोणी दाखवलं? खडकीतल्याच कुठल्यातरी हवालदाराने ना? त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे? मलाही नाही. १९३९ मध्ये दोनेक लाखांची असलेली हिंदी फौज युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांवर गेली. गावातून आलेल्या, बूटसुद्धा पहिल्यांदाच घातलेल्या पोरांना लढाईला लायक कोणी केलं? लढाईच्या काळात मागे राहून शिकवणाऱ्यांनीच. तुमच्या हिशोबाने ते सगळे "कुठे लढले?"

आणि लढण्याचा दाखला मागणारे आपण कोण? आपल्याकडे अख्खा मिलिटरी रोड आहे. तिथे ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवण्यापलीकडे आपण काय केलंय? फौजेतून आल्यावर याच काकांनी एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर बारा-बारा तास उभं राहून मुलीचं शिक्षण केलं. पोरांच्या वयाचे मॅनेजर गाडीची काचही खाली न करता "ए वॉचमन" म्हणायचे. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. शिस्त अशी असते, आणि आपण तिला दुबळेपणा समजतो.

भाऊंवर माझा राग नाही. वडापाव मीही खाईन. पण वडापावच्या बिलावर झेंड्याची दोरी विकत मिळते, हे मला मान्य नाही.

मीटिंगनंतर काकांकडे गेलो होतो. म्हणाले, "जाऊ दे रे, मी खाली उभा राहून सलामी देईन, तेवढं पुरे." काकू आतून म्हणाल्या, "तेवढं पुरे नाही." मला काकूंचं पटतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना आज लेखी अर्ज दिला आहे, त्यावर आत्तापर्यंत अकरा सह्या झाल्यात. आमच्या सोसायटीतले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी बी विंगच्या खाली या. रात्री दहापर्यंत कागद घेऊन मी तिथेच बसलोय.