चंद्रावर आल्प्स आहे. सह्याद्री का नाही?

समर्थांचे जांब ज्या घनसावंगी तालुक्यात, त्याच तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. गावाच्या नावातच कुंभार आहे, पिंपळ आहे. जो भूमीवर राबतो तो तिला नाव देतो, अशी आपली रीत. चंद्राच्या पर्वतांना मात्र नावे कोणी दिली?

१६४७ साली डांझिगच्या हेवेलियसने चंद्राचे नकाशे प्रसिद्ध केले आणि आपल्या परिचयाच्या जगातील आपेनाइन, आल्प्स यांची नावे तेथील पर्वतांना दिली. ती आजही रूढ आहेत. हिमालय, विंध्य, सह्याद्री यांपैकी एकाचेही नाव चंद्रावरील पर्वतरांगेला नाही. एका लहानशा शिखराला १९७६ साली 'दिलीप' हे नाव लाभले, तेही केवळ एक भारतीय पुरुषनाम म्हणून. रघूच्या पित्याचे स्मरण म्हणून नव्हे!

हेवेलियसला दोष देण्याचे कारण नाही. त्याने रात्री जागवल्या, म्हणून नावे त्याची. पण केवळ श्रमानेही भागत नाही. १८५२ साली राधानाथ सिकदारांच्या गणिताने 'शिखर पंधरा' जगात सर्वोच्च ठरले. १८६५ साली त्याला नाव मिळाले एव्हरेस्टचे. गणित आमचे, सत्ता परक्यांची, म्हणून नावही परक्यांचे.

आज श्रम आणि सत्ता दोन्ही आपल्या हाती आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ जेथे उतरले, त्या स्थानाचे 'शिवशक्ती' हे नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने मार्च २०२४ मध्ये मान्य केले. 'विज्ञानात देव कशाला?' म्हणून नाके मुरडणाऱ्यांना अपोलो हा ग्रीकांचा देव आहे, याचा विसर पडला काय?

परंतु 'पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणत स्वस्थ बसणारेही तितकेच दोषी आहेत. चांद्रपर्वतांना पृथ्वीवरील पर्वतांची नावे देण्याची प्रथा त्या संघटनेलाही मान्य आहे. सह्याद्री तीत सहज बसतो. मात्र नवे नाव मिळते ते संशोधनाला त्याची गरज भासते तेव्हा. ती गरज घोषणांनी नव्हे, अभ्यासाने सिद्ध होते. चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने सुमारे तीस सेंटिमीटर इतके बारकावे टिपले आहेत आणि ती चित्रे इस्रोने अभ्यासकांना खुली केली आहेत. ती आपल्या किती शाळांत उघडली जातात?

कुंभार पिंपळगावचा एखादा विद्यार्थी उद्या त्या चित्रांवरून चंद्राचा डोंगर मोजू लागेल, तेव्हाच सह्याद्रीचे नाव मागण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल. त्याच्या हाती ती चित्रे देणे, हे आपले काम.